अठरा आणि एकोणीसच्या मधल्या म्हशी

दिवाळी पाडव्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता हळदेवाडीत लक्ष्मीच्या देवळासमोर मष्णू चौगुलेची दाढी कापायची थांबली.

कात्री ओमकारच्या हातात होती. बसथांब्याजवळ त्याचं सलून आहे, पण हे काम देवीसमोर व्हायला हवं म्हणून तो सलूनची खुर्ची डोक्यावर घेऊन देवळापाशी आला होता. खुर्चीत मष्णू बसला होता. छातीपर्यंत आलेली त्याची दाढी ओमकारनं हनुवटीखाली मुठीत धरली होती, आणि शेंड्याला मष्णूच्या मुलीनं, ऋतिकानं, आपल्या केसांचा रबर अडकवला होता. कात्रीची दोन्ही पाती दाढीच्या दोन्ही अंगांना पोचली होती. तेवढ्यात कुंथुनाथ मगदूम गर्दीतून पुढं आले.

"ओमकार, जरा दम धर," ते म्हणाले. "निकाल चुकलाय."

निकाल म्हशींच्या शर्यतीचा होता. त्याचा दाढीशी संबंध काय, हे गावाला माहीत आहे; बाहेरच्यांसाठी सांगायला हवं.

मष्णू मूळचा उचगावचा. लग्नानंतर तो सासुरवाडीतच राहिला आणि सासऱ्याची शेती, म्हशी बघू लागला. याला बावीस वर्षं झाली, तरी निपाणीजवळच्या या गावात त्याला अजून 'पावणं' म्हणतात. चार वर्षांपूर्वी पाडव्याच्या शर्यतीत त्याची म्हैस चंद्री दुसरी आली. घरजावयानं दुसऱ्याच पंगतीला बसायचं असतंय, असं कुणीतरी मागून म्हणालं. कोण म्हणालं ते अजून ठरलेलं नाही. मष्णू तसाच देवळात गेला आणि देवीसमोर बोलून बसला, की माझी म्हैस पहिली आल्याशिवाय दाढीला कात्री लावणार नाही.

पुढच्या वर्षी चंद्री जागची हललीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती सगळ्यांच्या आधी पोचली, पण दुसऱ्याच मालकाच्या मोटरसायकलमागून पोचली, त्यामुळं तो नंबर कुणालाच मिळाला नाही. गेल्या वर्षी ती अर्ध्या वाटेत शेण टाकायला थांबली आणि तिथंच उभी राहिली.

यंदा दाढीचं वेगळंच सुरू झालं. श्रावणात ऋतिकाची सुपारी फुटली. मुलगा कागलकडचा. सुपारीला आलेले मुलाचे आजोबा दारात मष्णूला बघून थबकले, वाकून त्याच्या पाया पडले आणि दुखऱ्या गुडघ्यासाठी अंगारा मागू लागले. मष्णूला काही सुचेना. त्यानं चुलीतली चिमूटभर राख आणून दिली. आठवड्यानं फोन आला की गुडघ्याला उतार आहे. तेव्हापासून दर गुरुवारी कागलकडून दोन-चार माणसं येतात, आणि मष्णूला गोठ्यातून हात धुऊन ओसरीवर बसावं लागतं.

ऋतिका निपाणीत एका कापड दुकानाच्या ऑफिसात काम करते आणि मोजकं बोलते. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आहे. मांडवात लोक नवऱ्यामुलाला सोडून बाबांच्या पाया पडणार आणि फोटोत आपण बापाशेजारी नाही, बुवाशेजारी उभं असल्यासारखं दिसणार, असं तिचं म्हणणं. दाढी उतरली नाही तर कन्यादानाला उचगावच्या काकांना बसवायचं, हे तिनं दिवाळीआधीच घरात सांगून टाकलं होतं. मष्णूला स्वतःला दाढी नकोच होती. धार काढताना चंद्री ती चघळायची. पण देवीला दिलेला शब्द आहे, आणि देवीसमोर पळवाट काढली तर गाव उरलेला जन्म पावणंच म्हणणार, यापुढं त्याचं डोकं जात नव्हतं. म्हणजे यंदा चंद्री पहिली यायला हवी होती. दुसरा काही इलाज नव्हता.

हळदेवाडीत म्हशी माणसाच्या हाकेला पळत नाहीत, मोटरसायकलमागं पळतात. मालक सायलेन्सरची पुंगळी काढून गाडी पुढं काढतो आणि त्या आवाजावर त्याची म्हैस मागून सुटते. डेअरीपासून देवळाच्या पायरीपर्यंत. पूर्वी सगळ्या एकदम सोडत. चंद्री परक्या गाडीमागून आल्यापासून एका वेळी एकच सोडतात. त्यामुळं कोण पहिलं आलं हे डोळ्यांनी कळत नाही. गेल्या वर्षी निकाल आरडाओरड्यावर लागला. यंदा घड्याळ लावायचं ठरलं.

घड्याळ म्हणजे मंडळाच्या एका कार्यकर्त्याचा मोबाईल. दोन म्हशी पळून झाल्यावर मोबाईल म्हशींच्या पाण्याच्या टाकीत पडला. मग शाळेतून खेळाच्या तासाचं घड्याळ आणलं गेलं. मोबाईल पॉइंटच्या पुढं दोन आकडे दाखवायचा, शाळेचं घड्याळ एकच दाखवतं. त्या गडबडीत हे कुणाच्या मनात आलं नाही.

सात म्हशींची नावं होती. एक वाटेतच आपल्या गोठ्यात वळली, एक डेअरीपासून निघालीच नाही, आणि एकीची गाडी बंद पडली तेव्हा ती गाडीपाशी थांबली. चौघींनी शर्यत पुरी केली. मोबाईलवर कुंथुनाथ अण्णांची म्हैस १८.३० सेकंदांत आली, देवळासमोर राहणाऱ्या जयाबाईची १८.४७ मध्ये. शाळेच्या घड्याळावर ओमकारची १८.९ आणि शेवटी पळालेली चंद्री १८.३.

हे आकडे लावून निकाल लिहायचं काम रवळू आप्पांकडं होतं, आणि घोटाळा इथं झाला.

रवळू आप्पा रिटायर तलाठी. जन्मभर त्यांनी उतारे लिहिले, आणि कर्नाटकातल्या उताऱ्यावर पॉइंटच्या अलीकडं एकर असतो, पलीकडं गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. दोन पॉइंट एकोणचाळीसनंतर तीन येतात. दोन पॉइंट पाच म्हणजे दोन एकर पाच गुंठे, दोन पॉइंट दहा म्हणजे त्याच्या दुप्पट गुंठे. पॉइंट दिसला की आप्पांना पलीकडं जमीन दिसते.

त्यांनी शांतपणे चष्मा लावला आणि निकाल लावला. अठरा, तीन: मष्णू पहिला. अठरा, नऊ: ओमकार दुसरा. अठरा, तीस: कुंथुनाथ तिसरे. जयाबाईच्या आकड्याला ते अडले. सत्तेचाळीस गुंठे असू शकत नाहीत. असले तर त्यातला एकर आधी वेगळा काढायला हवा. त्यांनी चाळीस वजा केले, अठराचे एकोणीस केले, १८.४७ खोडून १९.७ लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी सही केली. जयाबाई चौथी.

निकाल माइकवर वाचला गेला, गुलाल उडाला, ओमकारनं खुर्ची आणली. मग कुंथुनाथ अण्णा पुढं आले.

अण्णांची तक्रार मष्णूबद्दल नव्हतीच. ते डेअरीत रोज दोन वेळा दूध घालतात आणि फॅटचे आकडे बघतात. सहा पॉइंट नऊ फॅट म्हणजे जवळजवळ सात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तसं अठरा पॉइंट नऊ म्हणजे जवळजवळ एकोणीस. मग ओमकारची म्हैस त्यांच्या म्हशीच्या पुढं कशी, एवढंच त्यांचं विचारणं होतं.

ओमकारचं म्हणणं, नऊ लहान की तीस लहान हे शाळेत न गेलेला माणूसही सांगेल. हे तो दाढी हातात ठेवून म्हणाला.

"आणि माझं काय?" मष्णूनं मान न हलवता विचारलं.

"तुझं तू बघ," अण्णा म्हणाले. "मी माझं बोलतोय."

गर्दीत राजमती बाई होत्या. त्या गावच्या मराठी शाळेत सहावीला गणित शिकवतात. त्यांनी यादी मागून घेतली, वाचली आणि जयाबाईच्या खाडाखोडीवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. आप्पांनी समजावून सांगितलं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की असं तोंडानं भांडून उपयोग नाही, रेघ ओढून बघू. रेघेवर जो आकडा आधी येईल ती म्हैस आधी.

यावर लगेच कुणीतरी आठवण करून दिली की राजमती बाई कुंथुनाथ अण्णांच्या चुलत भावजय लागतात.

"रेघ मी ओढते," बाई म्हणाल्या, "मोजा तुम्ही."

हे सगळ्यांना पटलं. शर्यतीच्या आखणीतली फक्की अर्धी गोणी शिल्लक होती. देवळासमोरच्या पटांगणात बाईंनी पांढरी सरळ रेघ ओढायला घेतली. एका टोकाला अठरा लिहिलं. आता एका सेकंदाचे दहा सारखे भाग करायचे, म्हणून एक काठी हवी होती. अण्णांची काठी मष्णूच्या बाजूला चालेना, मष्णूची अण्णांच्या बाजूला. सगळे भाग एकाच काठीनं होणार असल्यानं काठी कुणाचीही चालेल, असं बाईंनी दोनदा सांगितलं. शेवटी गुरवाची बायको बाळाबाई देवळातून जळमटं काढायची वेळूची काठी घेऊन आली. ती देवीची असल्यानं कुणाला हरकत नव्हती. काठी दहा वेळा आडवी टाकायची, दर काठीला आडवी खूण करायची, दहाव्या खुणेवर एकोणीस. आणि पॉइंटच्या पुढच्या दुसऱ्या आकड्यासाठी काठीवर विळ्यानं दहा सारख्या खाचा.

सातव्या काठीपर्यंत काम सरळ झालं. आठवीला ताडपत्री आडवी आली. तिच्यावर जयाबाईचं सोयाबीन वाळत घातलं होतं.

जयाबाईनं ताडपत्री हलवायला नकार दिला. तिच्या म्हशीचा आकडा आप्पांनी खोडला तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं, आता तिनं कुणासाठी सोयाबीन का गोळा करायचं? रेघेला वळवून घ्या म्हणाली.

"ही रेघ वळत न्हाय, जयाक्का," बाई म्हणाल्या.

"रस्ता वळतोय की गटारीपाशी. आमदार सुद्धा वळून जातोय."

बाईंनी तिला हाताला धरून रेघेवर उभं केलं. अठरापासून चार काठ्या चालवल्या, मग पाचव्या काठीतल्या सात खाचा मोजल्या आणि तिथं थांबवलं. तिची म्हैस इथं, आणि ओमकारची म्हैस नवव्या काठीला, म्हणजे त्या ताडपत्रीखाली. जयाबाईनं आपल्या पायाकडं बघितलं, ताडपत्रीकडं बघितलं. म्हणजे ती चौथी नाही, तिसरी. तिनं स्वतः जाऊन ताडपत्री ओढली. सोयाबीन निम्मं फक्कीत सांडलं, त्याची तिनं तक्रार केली नाही.

ओमकारचा सूर मात्र तेव्हापासून बदलला. दुसऱ्याचा तो चौथा झाला होता. म्हशींच्या कामात शाळेनं पडू नये, असं तो खुर्चीच्या पाठीला टेकून म्हणाला. दाढी त्यानं अजून सोडली नव्हती, त्यामुळं मष्णूला हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघावं लागत होतं.

रवळू आप्पा एवढा वेळ कट्ट्यावर बसून होते. आता ते उठले, गोणीतून ओंजळभर फक्की घेतली आणि बाईंच्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढायला लागले. तेवढीच लांब. फक्त त्यांनी तिचे चाळीस भाग केले. वयाच्या मानानं ते भाग फार सारखे आले होते. त्यांच्या रेघेवर मष्णू तिसऱ्या खुणेवर, ओमकार नवव्या, अण्णा तिसाव्या. जयाबाई एकोणीस ओलांडून थेट तिच्या घराच्या पायरीवर. रेघेत कुठंही चूक नव्हती. लोक ज्याच्या-त्याच्या सोयीनं दोन रेघांपाशी वाटले गेले. क्रिकेट खेळणाऱ्या चौघांनी मधेच तिसरी रेघ सुचवली, सहा भागांची, कारण अठरा पॉइंट पाच ओव्हरनंतर एकोणीसच येते. त्यांना कुणी फक्की दिली नाही.

बाईंनी आप्पांना एकच विचारलं. हे आकडे जमिनीचे नाहीत, घड्याळाचे आहेत. तर चाळीसला काय होतं हे घड्याळालाच विचारायला काय हरकत आहे?

आप्पा तयार झाले. शाळेच्या घड्याळात एकच आकडा, म्हणून ऋतिकानं आपला मोबाईल पुढं केला. स्टॉपवॉच सुरू झालं. आप्पा आणि त्यांच्यामागं तीस-चाळीस माणसं त्या काचेवर वाकली. आकडे भराभर पळत होते; ऋतिकानं थांबव-सुरू करत करत ते पकडले. एकदा तो सदतीसला थांबला, एकदा बावन्नला, एकदा एक्क्याण्णवला.

आप्पांनी परत लावायला सांगितलं. परत सत्त्याऐंशी आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"चाळीसला थांबत न्हाय," ते म्हणाले. "कुठनं घेतलास गं ह्यो?"

"कोल्हापुरातनं."

आप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय? महाराष्ट्रातला हाय. तिकडं हेक्टर चालतंय. हेक्टरात शंभर आर."

त्यांनी आपली चाळीस भागांची रेघ पायानं पुसून टाकली. हरल्यासारखं नाही; दुसऱ्या हद्दीतलं प्रकरण दुसऱ्या हद्दीच्या नियमानं चालायचं, त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. जयाबाईचा खोडलेला आकडा त्यांनी परत लिहिला आणि परत सही केली. मग नवा हिशेब मांडला. मष्णू: अठरा हेक्टर, तीन आर. कुंथुनाथ: अठरा हेक्टर, तीस आर. जयाबाई सत्तेचाळीस. ओमकारच्या नऊला मात्र त्यांनी बाईंच्या रेघेकडं बघून शेवटी टाकलं. तो ताडपत्रीखाली होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यावर परत भांडायची कुणाची इच्छा नव्हती.

म्हणजे मष्णू पहिला, अण्णा दुसरे. अण्णा तिसऱ्याचे दुसरे झाले, त्यांचं समाधान झालं. दुसऱ्यांदा गुलाल उडाला. ओमकारनं खांदे सैल केले आणि कात्री उघडली.

राजमती बाई रेघेपाशी उभ्या होत्या. ऋतिकानं त्यांच्याकडं बघितलं. सहावीत ती बाईंच्याच वर्गात होती आणि बाई गप्प राहणार नाहीत हे तिला ठाऊक असावं. बाईंनी हाताची फक्की झटकली, पदराला हात पुसले, तिच्याकडं बघायचं टाळलं.

"ओमकारचे नऊ जर नऊ काठ्या," त्या म्हणाल्या, "तर मष्णूभाऊंचे तीन, तीन खाचा कशा?"

मग मष्णूनंच, दाढी ओमकारच्या मुठीत असताना, विचारलं, "म्हंजे?"

बाईंनी सांगितलं ते असं. शाळेच्या घड्याळाला खाचा दिसत नाहीत, त्याला फक्त काठ्या दिसतात. ते अठरा पॉइंट सात, आठ, नऊ म्हणतं आणि नऊनंतर एकोणीस म्हणतं. ओमकारचा नऊ त्याच घड्याळावरचा, मष्णूचा तीनही त्याच घड्याळावरचा. एकाला काठीनं मोजायचं आणि दुसऱ्याला खाचेनं, असं चालणार नाही.

आप्पांनी शाळेचं घड्याळ मागवून घेतलं आणि बराच वेळ बघत बसले. नऊनंतर खरोखरच पुढचा सेकंद येत होता. दहा गुंठ्यांचा एकर जगात कुठं असतो, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, या घड्याळात.

मग मोजणी झाली. मष्णूला खुर्चीतून उठवलं. ओमकार दाढी धरून बरोबर आला. अठरापासून तीन काठ्या. तिथं चंद्रीच्या नावानं म्हशी बांधायची खुंटी ठोकली. आता अण्णांचे तीस. ते अण्णांनी स्वतः मोजायचे ठरले. ते उकिडवे बसले आणि काठी रेघेला लावून एकेक खाच मोजत पुढं सरकले. गाव मोठ्यानं आकडे म्हणत होतं. अठ्ठावीस, एकोणतीस. तिसाव्या खाचेला अण्णांच्या हातातल्या काठीचं टोक खुंटीला टेकलं.

अण्णांनी काठी ओमकारकडं दिली.

मग चुकलं असेल म्हणून ओमकारनं मोजलं. मग एकोणीसकडून उलटं मोजलं. मग जयाबाईनं, तिचा काही संबंध नसताना, मोजलं. प्रत्येक वेळी काठी खुंटीला येऊन टेकली. तीस हे तीनपेक्षा मोठं असतं हे गावातल्या प्रत्येक माणसाला पक्कं माहीत होतं, आणि तरी दोघं एकाच जागी येत होते. शेवटी अण्णांची खुंटीही तिथंच ठोकायचं ठरलं, पण एका भोकात दोन खुंट्या बसेनात. थोडी अलीकडं ठोकू म्हटलं तर मष्णूची माणसं उठली, पलीकडं म्हटलं तर अण्णांची. मग एकाच खुंटीला दोन्ही म्हशी बांधल्या. चंद्रीनं हिसडा मारला आणि खुंटी उपसून निघाली. तिला धरलं तेव्हा ती अठरा पॉइंट सहावर उभी होती. ते धरायचं नाही असं ठरलं.

"दोघं पयले," रवळू आप्पा म्हणाले. त्यांनी तसं यादीत लिहिलं. सामाईक उताऱ्याची त्यांना सवय होती.

प्रश्न आता दाढीचा होता. सामाईक पहिला हा पहिला धरायचा का?

कुंथुनाथ अण्णांनी मनाचा मोठेपणा दाखवला. पोरीचं लग्न तोंडावर आहे, मला पहिला नंबर नको, मी दुसरा म्हणून लिहा, असं ते म्हणाले. कानडीत साकू, मराठीत पुरे झालं, दाढी काढा त्याची. खरं तर यात सगळं मिटत होतं. ऋतिकानं हात जोडले. ओमकारनं तिसऱ्यांदा कात्री उघडली.

मष्णू नको म्हणाला.

"दिलेला नंबर नको मला, अण्णा. बावीस वर्षं दिलेल्याच घरात राहतोय." हे तो हळू बोलला, पण पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. त्यांतल्या एकानं मान खाली घातली. चार वर्षांपूर्वी पंगतीचं बोलणारा तोच असावा असा काहींचा अंदाज आहे, पण त्याला दुजोरा मिळालेला नाही.

"देवीला म्हटलं तवा म्हैस पयली यू दे म्हटलं," मष्णू पुढं म्हणाला. "कुणाच्या बरोबरीनं, असं म्हटलं न्हवतं."

"एकटीच यू दे, असं तरी कुठं म्हटलं हुतं?" ऋतिका म्हणाली.

राजमती बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की रेघ जागा सांगते, नवसाचं सांगत नाही.

मग देवीलाच विचारायचं ठरलं. हळदेवाडीत असं अडलं की कौल लावतात. देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाळाबाईनं अंघोळ करून ओलेत्यानं पाकळ्या लावल्या. पडदा बाजूला केला, पंखा बंद केला. प्रश्न मष्णूनंच विचारला: बरोबरीनं पहिली आलेली म्हैस तुला चालती का?

हे दुपारी दीडच्या सुमारास.

अडीचपर्यंत दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या. लोक पाळीपाळीनं जेवून आले. तीनला कुणीतरी शिंकलं, आणि तो माणूस कुणाच्या बाजूचा यावर थोडा वाद झाला. ओमकारचा हात अवघडला म्हणून त्यानं दाढी काही वेळ ऋतिकाकडं धरायला दिली. चारच्या सुमारास कागलहून मुलाच्या आजोबांचा फोन आला. शर्यतीचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांचा दुसरा गुडघा धरलाय, आणि दाढीचं काही बरंवाईट करू नका, असा त्यांचा निरोप होता. ऋतिकानं तो निरोप बापाला सांगितला नाही.

पाचला उजवी पाकळी हलली. बाळाबाई ओरडली, सगळे आत धावले. पाकळी खांद्यावरून सुटली, खाली आली आणि देवीच्या कमरपट्ट्यावर अडकली. ही पडली म्हणायची का? बाळाबाईच्या मते पडली म्हणजे पायाशी यायला हवी. मष्णू म्हणाला, बाळाबाई सांगेल तेच खरं. ऋतिकाच्या मते ती हो म्हणायला निघालेली आहे, वाटेत आहे. खांदा ते पाय यातलं किती अंतर तिनं कापलं, हे मोजून बघावं अशी सूचना रवळू आप्पांनी केली आणि काठी मागितली. काठी घेऊन राजमती बाई शाळेत गेल्या होत्या. इकडं शाळांची मोठी सुट्टी दसऱ्यालाच झाली; सोमवारी सहावीचा दशांशाचा धडा आहे.

साडेसहाला देवळात दिवा लागला. उचगावच्या काकांना फोन करायचा की नाही, हे पाकळी ठरवणार होती. हे लिहीपर्यंत फोन गेलेला नाही, आणि पाकळी कमरपट्ट्यावरच आहे.